हिमरूवरचा डाग

मी घरी हातानं फोटोंचे अल्बम बनवते. सपाट कव्हर मला आवडत नाही. पुठ्ठ्याच्या थरांमधे फोमच्या टेपचे तुकडे घातले, की फुलं, कमानी वर उचलून येतात. असलंच एक कव्हर कुणाकडं तरी बघून गुलमंडीकडच्या एक खाला आमच्या चिकलठाण्यातल्या घरी आल्या. मुलीचा निकाह होता, तिच्यासाठी अल्बम हवा होता. पिशवीतून त्यांनी वीतभर हिमरू काढलं. त्यांच्या नवऱ्याचा माग होता. ते गेल्यावर त्यांच्या हातचं एवढंच कापड उरलं होतं.

"हे पुढं लाव बेटा. कापू मात्र नको."

निकाहच्या आदल्या दिवशी सकाळी मी कव्हर घेऊन बसले. कापडाला सुरकुती पडू नये म्हणून गोंद पातळ केला, तो जरा जास्तच झाला. तळव्यानं दाबलं आणि ऐन मधोमध ओला डाग वर आला. फडक्यानं पुसला, तर रंग सुटून आणखी पसरला.

मग मी पुठ्ठ्याचं एक फूल कापलं, मागं फोम लावून डागावर ठेवलं. बेमालूम बसलं. कुणाला काही कळलं नसतं. कितीतरी वेळ मी त्या फुलाकडं बघत राहिले. शेवटी ते उचललं आणि खालांना फोन केला.

तासाभरात त्या रिक्षानं आल्या. बुरख्याचा नकाब वर करून डागावर बोट फिरवलं. मग टेबलावरचं फूल त्यांना दिसलं.

"यानं झाकता आलं असतं तुला."

"व्हय. ठेवून बघितलं होतं."

"मग?"

"नाही जमलं, खाला."

त्यांनी कात्री मागितली. मी म्हटलं, "मी कापते."

"तू नको."

कापड अजून ओलं होतं, पुठ्ठ्यावरून अलगद सुटलं. त्यांनी डाग गोल कापून काढला. अल्बमसाठी दिलेल्या फोटोंतून त्यांनी मागावर बसलेल्या नवऱ्याचा फोटो निवडला.

"हे मागं बसतील का?"

पुठ्ठ्यालाही तेवढंच भोक पाडून मी त्यावर हिमरू पुन्हा लावलं आणि फोटो एक थर खाली बसवला. त्यांनी कव्हर उजेडात तिरकं धरलं.

"अजून आत घे."

मी फोमचा आणखी एक थर दिला. आता ते खिडकीच्या आत बसल्यासारखे दिसत होते. खालांनी मान हलवली. डागाचा तुकडा रुमालात बांधून घेतला.

जिन्यात मी माफी मागायला लागले, तर म्हणाल्या, "आज नको बोलू त्यावर."

दुसऱ्या दिवशी मी निकाहला गेले. नवरीनं अल्बम मांडीवर घेऊन त्या गोलात बोट घातलं आणि वडिलांच्या चेहऱ्यावर ठेवलं. खालांनी स्वतः माझं ताट वाढलं, शेजारी बसून जेवू घातलं. कापडाचा विषय त्यांनी काढला नाही. मनातून त्यांनी मला माफ केलं की नाही, ते मला अजूनही ठाऊक नाही.