निळ्या कमळाचा हिवाळा

इथे बर्फ पडायच्या आत टबातलं निळं कमळ उपटावं लागतं. मी ते ओट्यावर आपटलं आणि पानं, देठ, मुळं सपासप कापत सुटले. चिखल भिंतीपर्यंत उडाला.

"कळी तरी ठेव गं," गावाहून आलेली आई म्हणाली.

गेल्या वर्षी दया येऊन ठेवली होती. सगळा कंद सडला. मी कळी देठासकट तोडून कचऱ्याच्या बादलीत भिरकावली. उरला अक्रोडाएवढा कंद. तो ओल्या वाळूत पुरून तळघरात ठेवला. जगवायचं तर आधी कापायचं, हे या देशाने मला शिकवलं.

सकाळी आईने बादली माझ्यापुढे आणून ठेवली. चिरलेल्या पानांत कळी पूर्ण उमलली होती.