माझी सुरी आणि घरातले संशयित

मुलगी नातीला घेऊन दवाखान्यातून डिचोलीच्या घरी आली, त्याच दिवशी माझी सुरी नाहीशी झाली. साधी सुरी असती तर मी गप्प बसलो असतो. पण हिच्या पात्यावर टोमॅटो नुसता टेकवला तरी त्याचे दोन होत. असलं उघडं पातं घरात कुठेतरी पडलंय आणि त्याच घरात एवढंसं बाळ दुपट्यांच्या ढिगातून या मांडीवरून त्या मांडीवर फिरतंय, या विचाराने मी भरल्या ताटावरून उठून शोधायला लागलो.

सुरीचं कौतुक माझंच. मधला गाभा कडक कार्बन पोलादाचा, दोन्ही अंगांना मऊ पोलादाचं अस्तर, म्हणून पात्यावर पाण्यासारख्या लाटा. सुरुवातीला मला त्या छापलेल्याच वाटल्या आणि मी चोरून घासणीने घासून पाहिल्या. कैरी कापल्यावर धार काळवंडली, तेव्हा कुठे दुकानदारावर विश्वास बसला. मूठ अष्टकोनी, लाकडी. पात्याचा दांडा तिच्यात खोल शिरलेला, त्यामुळे तोल नेमका चिमटीत येतो. घरी येणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकल्याशिवाय जेवण मिळत नसे. "हे तुमचं स्टेनलेस नव्हे. खरं लोखंड! ओलं ठेवलं की गंजतं," हे तर मी अशा थाटात सांगायचो, की गंज हा जणू आमच्या घराण्याचा गुण.

पहिला संशय बायकोवर. ती जन्मभर आदोळीवर, म्हणजे विळीवर, बसून चिरणारी. माझी सुरी तिला सवतीसारखी.

"अहो, मी कशाला हात लावू? तिच्यानं लिंबू कापलं तर तुम्ही सुतक धरता."

दुसरा जावयावर. पाळण्याचं खोकं त्यानेच फोडलं होतं. फोन करून आडून विचारलं, "सामानात चुकून काही टोकदार आलं नाही ना?"

"बाबा, खोकं मी चावीनं फोडलं. तुमच्या सुरीला हात लावायला माझा विमा नाही."

मस्करी करतोय म्हणजे नक्की लपवतोय, असं मी ठरवून टाकलं.

आईवर संशय घ्यायचं सुचलंच नाही. पेडण्याहून लग्न होऊन आलेली माझी आई सुरीला खेळणं म्हणायची. पण मी बाळंतिणीच्या खोलीतलं कपाट उघडलं, तशी ती म्हणाली, "थंय काय नाय." काय शोधतोय ते मी बोललोच नव्हतो.

मुलगी न्हायला गेली तेव्हा नातीला उचलून खांद्यावर घेतलं आणि तिची छोटी गादी उलटली. फडक्यात गुंडाळलेली माझी सुरी! आई दारातच उभी.

"आये, ह्या काय?"

"लोखंड."

"हिच्या डोक्याखाली?"

"मग खंय? बारशापर्यंत पोराच्या उशाक लोखंड व्हया, वायट वारा लागणा नाय. तुझ्या उशाक कोयती होती, म्हणान तू वाचलस. आता घरात सगळा स्टील केलस, आदोळीचा पातासुद्धा. खरा लोखंड ह्या एकच, असा तूच सांगत फिरतस."

मी फडकं उलगडून दाखवलं. पातं त्याच्यातून पार होऊन गादीच्या कापडात उतरलं होतं. आईचा चेहरा उतरला, पण पुढे येऊन तिने सुरीची मूठ धरली ती सोडली नाही.

"काढलय आणि ह्या चेडवाक काय झाला तर?" ती नातीकडे बघत म्हणाली.

तेवढ्यात ओल्या केसांनी मुलगी आली. "बाबा, ती आधी बाहेर काढा. आजी, सोड!"

दोघी एकाच जिवासाठी घाबरलेल्या. कोणाला गप्प करणार?

नातीला मुलीकडे देऊन, आईच्या हातून सुरी घेऊन मी मागीलदारी धुण्याच्या दगडाशी गेलो. ज्या धारेसाठी मी पाण्यात भिजवायचे खास दगड आणले होते, तीच उभी धरून खसाखसा घासली. टोकही घासून गोल केलं. पातं किंचाळत होतं आणि माझे दात आंबत होते. मग धार स्वतःच्या तळहातावर दाबून ओढली. ओरखडासुद्धा नाही. मुलीनेही अंगठा फिरवून पाहिला, पुन्हा पाहिला, आणि सुरी आजीच्या हातात दिली.

आईने ती हातावर तोलली. मग माझ्याकडे बघितलं, दुकानदाराकडे मी बघितलं होतं तसंच.

"झिला, इतक्या घासलस... लोखंड कमी नाय मां झाला?"

"नाही गे आये. सगळं आहे."

तरी तिने दगडावरचा काळा चुरा बोटाने टिपला, फडक्याच्या कोपऱ्यात बांधला आणि सुरीबरोबर आत नेला.