संकष्टीला मोटर अडली तेव्हा

खरं सांगते, त्या दुपारी मी गणपतीशी भांडले. मनातल्या मनात नव्हे, तोंडाने, मोठ्याने, भर रस्त्यात, कडेवर पोर घेऊन! आता आठवलं तरी अंगावर काटा येतो. पण त्या भांडणासकट सगळं सांगायचंय, नाहीतर चैन पडणार नाही. म्हणून भात चुलीवर ठेवून लिहायला बसलेय. करपला तर करपला.

माझी शकू गेल्या पावसाळ्यात तापाने अगदी हातची जायची वेळ आली होती. डोळे उघडेना, दूध पिईना. डॉक्टर येऊन औषध देऊन गेले, आणि सासूबाईंनी देवापुढे नारळ ठेवून सांगितलं, "पुळ्याच्या गणपती, माझी नात उठू दे. तिच्या भारंभार गूळ घेऊन संकष्टीला तुझ्या दारात येईन, चंद्र उगवायच्या आत." शकू उठली. नुसती उठली नाही, आता घरभर रांगत सगळी भांडी पालथी घालते. सासूबाई म्हणायच्या नवसाने उठली. मी होय होय म्हणायची, पण आतून मला वाटायचं, औषधाने उठली असेल. एवढ्या मोठ्या देवाला आमच्या शकूकडे बघायला सवड कुठली? ही शंका मनातून जात नव्हती. दिवा लावताना सुद्धा असायची.

आमचे हे मुंबईला गोदीत असतात, त्यांना रजा मिळेना. धाकटे भावोजी रत्नागिरीत भाड्याची मोटर चालवतात, वर कापडी टप असलेली. ते म्हणाले, "वैनी, मी नेतो सगळ्यांना." मग शिमग्याच्या पुनवेनंतरची संकष्टी धरली. माझं माहेर पुळ्याच्या वाटेवरच आहे, तेव्हा आदल्या दिवशी तिथे मुक्काम करायचा ठरला.

आता माझ्या बाबांबद्दल सांगते. आई गेल्यापासून बाबा घरात एकटे. माझं माहेर म्हणजे एवढा एक माणूस. आमच्या गावात शिमग्याला ग्रामदेवीची पालखी निघते, आणि तिच्यापुढे दिवटी धरायचा मान आमच्या घराचा. दिवटी म्हणजे लाकडी दांड्याला चिंध्या घट्ट गुंडाळलेली मशाल. बाबा एका हातात ती पेटती धरतात, दुसऱ्या हातात बुधली, आणि चालता चालता बुधलीतून ज्वाळेवर तेल सोडत राहतात. ज्वाळा खाली बसली की तेल, पुन्हा बसली की तेल. लहानपणी मला वाटायचं, बाबा आगीला दूध पाजतायत. आजवर खोबरेल नाहीतर करंजेल असायचं. यंदा मंडळींनी ठरवलं, रॉकेल वापरू, झकास पेटतं. ते रॉकेल आमच्या पडवीत येऊन पडलं होतं, एका जुन्या पेट्रोलच्या डब्यात. आमच्याकडे पेट्रोलचे रिकामे डबे कोण टाकतो? त्यातच रॉकेल, त्यातच पाणी, त्यातच तांदूळ. आणि भावोजींनी आपला पेट्रोलचा डबा रात्री नेमका त्याच्याच शेजारी टेकवला. दोन्ही डबे सारखे, दोन्हींना पेट्रोलचाच वास, दोन्हींच्या तोंडात चिंधी कोंबलेली.

सकाळी बाबा डबा खांद्यावर मारून देवळाकडे निघाले. सासूबाई म्हणाल्या, "व्याही, या वयात डबे कशाला उचलता? कंबर धरेल हो."

बाबा म्हणाले, "विहीणबाई, कंबर धरली तरी दिवटी सोडायचा नाय मी. तुम्ही चंद्र बघून उपास सोडा, मी पालखी नाचवून येतो." आणि हसत गेले. ती पाठमोरी मूर्ती माझ्या डोळ्यांपुढे अजून आहे.

दुपारच्या जेवणानंतर आम्ही निघालो. सासूबाईंना उपास, त्यामुळे जेवलो फक्त आम्ही. गुळाची ढेप पोत्यात बांधून पायाशी ठेवली. भावोजींनी उरलेला डबा टाकीत ओतला. नाक चोंदलेलं होतं बिचाऱ्यांचं, शिंका देत देतच ओतला. टाकीत आधीचं थोडं पेट्रोल होतं, त्यावर मोटर मजेत निघाली. मग एक मोठा चढ लागला आणि ती कण्हायला लागली. मागून पांढरा धूर. आतून टकटक, जसं कुणी हातोडी मारतंय. आणि अर्ध्या चढावर जी बसली ती बसलीच. भावोजींनी हँडल मारून मारून हात सोलवटून घेतले. ढिम्म हलेना.

दोन्हीकडे नुसता कातळ, सावलीला एक आंब्याचं झाड, तेही रस्त्यापासून लांब. वाटेतलं जाकादेवी गाव सुद्धा अजून दूर होतं, पुळ्याचं तर नाव नको. वेळ जात होता. शकू उन्हाने लाल झाली होती. सासूबाई गुळाच्या पोत्यावरच्या मुंग्या झटकत म्हणाल्या, "देवाच्या मनात नाही गो आपण यावं. कुणाच्या तरी मनात खोट असणार." त्या कुणाला म्हणाल्या ते त्यांचं त्यांना ठाऊक, पण मला वाटलं मलाच! वाटलं, माझी शंका देवाला कळली आणि त्याने दार लावून घेतलं. आता नवस राहिला, आता शकूला पुन्हा काही झालं तर? आणि मग राग आला. शकूला घेऊन मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले आणि पुळ्याच्या दिशेला तोंड करून ओरडले, "एवढं येतोय तुझ्याकडे, आणि तू वाटेतच अडवतोस? अडवायचंच होतं तर पोरगी कशाला वाचवलीस?" भावोजी बघतच राहिले. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात समोरून चढाच्या माथ्यावर एक बैलगाडी दिसली. खोटं नाही सांगत, मी डोळे पुसतेय तोवर घुंगरांचा आवाज आला. गाडीत एक दाढीवाले मिस्त्री पाय पसरून गाणं गुणगुणत होते, शेजारी हत्यारांचं पोतं. रत्नागिरीच्या बंदराकडचे. आधी बोटीवर इंजिनखात्यात होते, आता भाताच्या गिरण्यांची इंजिनं दुरुस्त करतात. कालच परतायचे होते म्हणे, पण गिरणीवाल्याने जेवायला ठेवून घेतलं. गाडी थांबायच्या आतच त्यांनी उडी मारली.

"काय झाला? रुसली काय बाय तुमची?" भावोजींना वाटलं ते मला म्हणतायत. ते म्हणाले, "वैनी तशी शांत असते हो, आज नवसाचं मनाला लागलंय." मिस्त्री असे हसले की बैल दचकले. "अरे बाबा, मी मोटारीचा इचारतंय!"

मग ते कामाला लागले, आणि काम करताना तोंडाला खळ नाही. सीटखालच्या टाकीच्या बुडाचा नळ सैल करून त्यांनी चार थेंब तळहातावर घेतले, चोळले, फुंकर मारली. हात आमच्यापुढे धरला. "बघा. पेट्रोल असता तर उडून गेला असता, हात गार पडला असता. ह्यो तेलकट तसाच ऱ्हायला. टाकीत रॉकेल हाय. माझ्यासारखा मिस्त्री भेटला म्हणून, दुसरा कोण असता तर इंजिन खोलून बसला असता!" भावोजींनी बिडी काढली होती, ती मिस्त्रींनी त्यांच्या तोंडातून ओढून लांब फेकली. "रॉकेल दमानं पेटता. पेट्रोल उडी मारता. त्याची वाफ पण पेटता, काय समजलंस?"

टाकीखाली रिकामा डबा लावून त्यांनी सगळं काढलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत हालले नाहीत. इंजिनाकडे जाणारी नळी सोडवून तिच्यात फुंकर मारली, पलीकडून घाण बाहेर आली. कार्ब्युरेटरची वाटी उघडून पुसली. प्लग काढले, ते काळे ओले झाले होते, ते साफ करून उन्हात ठेवले, वरण्याच्या शेंगा वाळत घालतात तसे. मग गाडीतून त्यांनी पेट्रोलचा लहान डबा आणला. गिरणीचं इंजिन चालतं रॉकेलवर, पण चालू करायला आधी थोडं पेट्रोल लागतं, म्हणून ते नेहमी जवळ असतं. त्यातल्या थोड्याने टाकी खळखळून धुतली, ते धुणंही काढून टाकलं, आणि मग उरलेलं सगळं आत ओतलं. "पुळ्याला पोचाल. चंद्राच्या आधी पोचाल." घाम पुसत ते सासूबाईंना म्हणाले, "काकी, त्या पोत्यात गूळ हाय ना? खडा द्या, वर पाणी पितंय."

"देवाचा आहे तो," सासूबाई म्हणाल्या. "त्याच्या आधी कुणाला नाही." आणि नुसतं पाणी दिलं. मिस्त्री ते पाणी पिऊन सहज म्हणाले, "बरा. पण ह्यो रॉकेलचा डबा तुमच्या मोटारीत, तर मंग तुमचा पेट्रोल खय गेला?"

मला आधी बाबांची पाठ दिसली. खांद्यावर डबा. मग दिवटी दिसली, मग बुधली. माझ्या तोंडून नुसतं "बाबा, बाबा" निघालं. भावोजी पांढरे पडले. मी कसंबसं मिस्त्रींना सांगितलं की बाबा आज सांजेला पेटत्या दिवटीवर त्या डब्यातलं ओतणार. त्यांचं हसू पुसलं गेलं. सूर्य बराच खाली आला होता.

मी सासूबाईंकडे बघितलं. सकाळपासून पोटात काही नाही. पावसाळ्यापासून त्या या संकष्टीची वाट बघत होत्या. पुढे पुळं, मागे माझे बाबा. मला वाटलं त्या म्हणतील, कुणाला तरी बैलगाडीने पाठव आणि आपण जाऊ. त्या आधीच मोटारीत चढून बसल्या होत्या. म्हणाल्या, "फिरव रे गाडी. चतुर्थी दर महिन्याला येते. व्याही एकच आहे."

गाडीवानाला मागून यायला सांगून मिस्त्रीही बसले, मोटर मध्येच रुसली तर म्हणून. वाटेत मी काय केलं सांगू? मी देवाकडे काहीच मागितलं नाही. मागायला तोंडच नव्हतं, मघाशी त्यालाच शिव्या घातल्या होत्या ना. डोळे मिटून एवढंच म्हटलं, आता तू बघ. माझ्या हातात काही नाही. आणि खरंच सांगते, जन्मात पहिल्यांदा ते मनापासून म्हटलं असेन.

ढोल लांबूनच ऐकू आले. पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर, सजून बसली होती. लोक दाटीने उभे. बाबा डोक्याला फेटा बांधून मधोमध, बुधली भरून कमरेशी, आणि शेजारचा माणूस दिवटीला काडी लावत होता. चिंध्यांना खोबरेल लावलेलं, ती पेटली. मी मोटारीतून उडी मारली. सगळ्या गावादेखत, डोक्यावरचा पदर सावरायचं भान नाही, मी ओरडत धावले, "बाबा, ओतू नका! ओतू नका!" ढोलात कुणाला ऐकू जातंय! बाबांनी बुधली उचलली. मी जाऊन त्यांचा हातच धरला.

"अगो, काय झाला? शकू बरी हाय ना?" त्यांच्या तोंडून पहिलं हेच आलं.

ढोल थांबले. कुणीतरी कुरकुरलं, पालखीच्या वेळेला हे काय! मिस्त्रींनी कुणाशी वाद घातला नाही. बुधली हळूच काढून घेतली, सगळ्यांना मागे सारलं, लांब कातळावर वाटीभर ओतलं, बुधली दूर नेऊन ठेवली आणि लांब काठीच्या टोकाला चिंधी पेटवून पुढे केली. चिंधी टेकायच्या आतच भप्प! माणसाच्या छातीएवढी ज्वाळा उठली. बायका किंचाळल्या. बाबांनी आपल्या हाताकडे बघितलं, मग बुधलीकडे, आणि हात जोडून पालखीपुढे बसले.

मग जे झालं ते आमच्याच गावात होईल. कुणी काही सांगितलं नाही, पण बायका घरी गेल्या आणि ज्याच्या घरी होतं तेवढं खोबरेल घेऊन आल्या. कुणी वाटीत, कुणी समईतलंच काढून. बुधली धुऊन पुसून त्या तेलाने भरली. बाबा उठले. पालखी निघाली, आणि माझे बाबा पुढे दिवटी धरून, आगीला दूध पाजत चालले. रॉकेल कुणाला आठवलंच नाही.

चंद्र वर आल्यावर सासूबाईंनी पुळ्याच्या दिशेला हात जोडले आणि गुळाच्या ढेपेचा एक मोठा खडा फोडला. मला वाटलं उपास सोडतायत. तो खडा त्यांनी मिस्त्रींच्या हातावर ठेवला. मिस्त्री म्हणाले, "काकी, देवाच्या आधी कुणाला नाय ना?" त्या म्हणाल्या, "म्हणूनच देतेय. खा मुकाट्याने." दुसऱ्या दिवशी आम्ही पुळ्याला जाऊन उरलेला गूळ पोचवला. फोडलेल्या ढेपेबद्दल सासूबाईंनी देवाला काही सांगितलं नाही. त्याला ठाऊकच असणार, असं त्यांचं तोंड होतं.

कुणी म्हणेल योगायोग. म्हणू देत, मी कुणाशी वाद घालणार नाही. मला एवढंच कळतं की ज्या अडण्यासाठी मी त्याला शिव्या देत होते, ते अडणंच माझ्या बाबांच्या आणि आगीच्या मध्ये उभं राहिलं. आता काही अडलं, की राग येतोच, माझा स्वभाव कुठे जाणार? पण रागाच्या मागोमाग मी म्हणते, बरं, तू बघ.

त्या रात्री जेवायला बसलो तेव्हा बाबांनी स्वतः वाढलं. शकूसाठी त्यांनी भात मऊ कालवला, बोटांनी, नेहमीसारखा. मी त्यांच्या हातांकडे बघत बसले. काळे, राकट, तेलाचा वास येणारे, धड हात. "जेव गो, काय बघतेस?" ते म्हणाले. मी काय सांगणार? मी त्या हातांना नमस्कार केला आणि जेवले.