भरड्याला दिलेलं गूळपाणी

ही गोष्ट मी कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. देवापुढेही नाही, कारण देवापुढे मी फार वेळ उभीच राहत नाही, दुकान उघडायचं असतं. मन हलकं करायचं असतं तर सात वर्षं थांबले नसते. मग आज का सांगते आहे? दिवाळीनंतर एक गोष्ट घडली म्हणून. ती शेवटी सांगेन. आधी सांगितली तर तुम्हाला वाटेल मी भली बाई आहे.

तळेगावला आमचं पशुखाद्याचं दुकान आहे. सरकीची ढेप, तुरीची चुनी, गव्हाचा कोंडा, मक्याचा भरडा. मागच्या बाजूला छोटी चक्की. नवरा शाळेत शिकवतो, त्याला यात कधी रस नव्हता, म्हणून सासऱ्यांनंतर गल्ल्यावर मी बसले आणि बसलेच. आसपासच्या गावांतली माणसं कोणत्या म्हशीला काय घालायचं ते डॉक्टरांच्या आधी मला विचारतात. ताईनं सांगितलं म्हणजे झालं, असं म्हणतात. हा मान मला कुणी आंदण दिलेला नाही, मी तो कमावला आहे. आणि त्याच मानाच्या जोरावर मी — नाही, क्रमानं सांगते.

त्या वर्षी गावाबाहेरच्या माळावर दोन दिवसांचा घोडेस्वारीचा कार्यक्रम ठरला होता. शनिवारी सराव आणि तपासणी, रविवारी वीस किलोमीटरची दौड. नागपूरकडचे हौशी लोक आपापली घोडी गाडीत घालून आणणार होते. त्यांचा दाणा, खरारे, झुली, सगळं त्यांच्याबरोबर. आपल्या भागातलं एकच जनावर त्यात उतरणार होतं, सदाशिवभाऊंची मैना.

सदाशिवभाऊ बाजूच्याच गावचे. वरातीला घोडी देणं हा त्यांचा धंदा. मैना मात्र त्यांची धाकटी लेक वैशाली हिनं वेगळी तयार केली होती. वरातीची घोडी बँडसमोर नाचते, तिला सरळ रेषेत पळायला शिकवणं सोपं नसतं. ही पोरगी दोन वर्षं पहाटे उठून ते करत होती. रविवारी एक प्रशिक्षक तिला बघणार होते. पसंत पडली तर नागपूरच्या घोडेस्वारीच्या शाळेत शिकवायला ठेवून घेणार होते. वैशाली तेव्हा वीस वर्षांची. घरी स्थळं यायला लागली होती, आणि ही नोकरी लागली तर तिचे बाबा थांबायला तयार होते. म्हणजे त्या रविवारवर काय काय टांगलेलं होतं, ते तुमच्या लक्षात येईल.

आयोजकांनी चारा-पाण्याची जबाबदारी मला दिली होती. म्हणाले, ताई, तुमच्याकडे दिलं की आम्ही झोपायला मोकळे. मला ते आवडलं. का नाही आवडणार?

तो आठवडा कसा गेला ते सांगते, पण ती सबब म्हणून धरू नका. सोमवारी चक्कीचा पट्टा तुटला. दुधवाल्यांची रांग दारात, आणि पट्टा आणायला माणूस वर्ध्याला. मंगळवारी अवकाळी पाऊस आला आणि माझा मक्याचा ट्रक नेमका वाटेत. ताडपत्री फाटकी निघाली, सहा पोती भिजली. बुधवारी परवान्याची तपासणी, साहेब दुपारपर्यंत बसून. मध्येच सासूबाईंचा गुडघा, मध्येच कार्यक्रमाच्या मांडववाल्याचे फोन, टँकरवाल्याचे फोन. दिवसातून चारदा माळावर जाऊन येत होते. आणि या सगळ्यात मी एक गोष्ट विसरले. मैनेसाठी स्वच्छ हरभरा आणि जव मागवायचे होते. सदाशिवभाऊंना मी सगळ्यांसमोर शब्द दिला होता की दोन दिवसांचं खाणं माझ्याकडून. गुरुवारी सकाळी आठवलं.

विसरले, असं सांगता आलं असतं. भाऊ काही रागावले नसते, घरचा चारा घेऊन आले असते. पण ‘मी विसरले’ हे दोन शब्द — खरं सांगते, घरात असो की दुकानात, ते मी कधी उच्चारलेले नव्हते. मला त्याची घमेंड होती.

भिजलेली पोती चक्कीमागे उघडी करून ठेवली होती. दोन दिवसांत मका उबला होता. पोत्यात हात घातला की आत कोमट लागे. आमच्या धंद्यात असा माल फेकत नाहीत. तो दळायचा, गच्चीवर पसरून उन्हात वाळवायचा, वर गूळपाणी शिंपडायचं, मेथीची पूड मारायची. वास जातो. म्हैस आनंदानं खाते आणि तिला काही होत नाही. हे सगळे दुकानदार करतात, मीही करत आले होते.

आमचे जुने हमाल मारोतीभाऊ पोतं उचलता उचलता थांबले. “ताई, याले वास येऊन राह्यला. घोडीले नका देऊ जी. घोडं म्हशीवानी नसते, त्याले ओकता नाई येत.”

मी म्हटलं, “मारोतीभाऊ, दुकान तुम्ही चालवता की मी?”

“तुम्हीच चालवता जी,” ते म्हणाले. “म्या काय, पोते उचलतो.”

मग गूळपाणी मी स्वतः कालवलं. त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी हात आखडता घेतला असता. चांगलं गोड केलं. हाताला चिकटेपर्यंत.

शुक्रवारी दुपारी माळावर चार लोकांसमोर ते पोतं मी सदाशिवभाऊंच्या हवाली केलं. त्यांनी हात जोडले. वैशालीनं मूठभर काढून मैनेपुढे धरलं. मैनेनं ते चाटूनपुसून खाल्लं आणि पोरीच्या हातात नाक खुपसून आणखी मागितलं. सगळे हसले. मीही हसले. माझ्या डोक्यात तेव्हा काय होतं? काही नव्हतं. टँकर आला नव्हता, तेवढंच होतं.

मैनेनं ते शुक्रवारी संध्याकाळी खाल्लं, शनिवारी सकाळीही खाल्लं. दहा वाजता वैशालीनं तिला सरावाला नेलं. परत आली, आणि तासाभरात घोडी पुढच्या पायानं जमीन उकरू लागली. मान वळवून पोटाकडे बघायची, बसायची, उठायची, लोळायची. मी आयुष्यभर जनावरांमध्ये काढलंय. बघताक्षणी मला कळलं. ‘कदाचित’ वगैरे नाही, कळलंच.

डॉक्टर आले. पोटशूळ म्हणाले. विचारलं, काय खाल्लं, काय प्यायली?

आता इथे सांगायचं ते सांगते. सदाशिवभाऊ तोंड उघडणार, त्याच्या आधी मी बोलले. मी म्हटलं, “भाऊ, पळवून आणल्यावर लगेच पाणी पाजलं का?”

भाऊ गोंधळले. “पाजलं जी… बादलीभर.”

“खाद्याची काळजी नको, डॉक्टर,” मी म्हटलं. “ते माझ्या दुकानचं आहे.”

एवढंच. एक प्रश्न आणि एक वाक्य. डॉक्टरांनी मान हलवली, कारण त्या माळावर जनावरांच्या खाण्याबद्दल माझा शब्द शेवटचा होता. त्यांनी सुई दिली, तेल पाजलं, चालवत ठेवा म्हणाले. उबलेला दाणा पोटात आहे हे कळलं असतं तर त्यांनी आणखी काही केलं असतं का? घोडी वाचली असती का? ते मी नंतर कधी कोणत्या डॉक्टरला विचारलेलं नाही. विचारायला सोपं होतं. दर आठवड्याला कोणी ना कोणी डॉक्टर दुकानात येतो.

वैशाली लगाम धरून मैनेला चालवत होती. ती बापाकडे वळली आणि सगळ्यांदेखत ओरडली, “बाबा, कितीदा सांगतलं तुमाले! दमल्या घोडीले पाणी नाई पाजाचं! कितीदा?”

“तहानली होती व माय ते…”

“मग मारा आता!”

भाऊंनी खाली बघितलं. मी तिथेच, दोन हातांच्या अंतरावर उभी होते.

पाच वाजायच्या सुमाराला मैना गेली. डॉक्टर म्हणाले, पोट उघडून बघायचं का, नक्की कारण कळेल. मी पुढे होऊन म्हटलं, आता भाऊंना आणखी किती त्रास द्यायचा, राहू द्या. लोकांना ते फार माणुसकीचं वाटलं. एकानं तसं बोलूनही दाखवलं. सगळे घोडीभोवती होते तेव्हा मी अर्धं उरलेलं पोतं गाडीत टाकलं आणि वाटेत उकिरड्यावर ओतलं. रिकामं पोतं घरी आणून धुवून टाकलं.

रविवारी दौड झाली. पाणी वेळेवर, चारा वेळेवर. माझा सत्कार झाला, नारळ आणि शाल. प्रशिक्षक कुणाला बघायचं ते बघून गेले. वैशाली माळावर आलीच नाही.

सोमवारी मारोतीभाऊ कामावर आले. काही बोलले नाहीत. नंतर दोन वर्षांनी गुडघे थकले म्हणून त्यांनी काम सोडलं, तोवरही कधी बोलले नाहीत. त्यांना माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं. मी दर दिवाळीला त्यांना धोतरजोडी आणि मिठाईचा मोठा डबा देत असे. ते घेत, आणि एकदाही ‘ताई, कशाला’ म्हणाले नाहीत.

त्याच उन्हाळ्यात वैशालीचं लग्न झालं, वरुडकडे दिलं. मांडवात ती बापाशी बोलली नाही, हे सगळ्या गावानं पाहिलं. नंतर माहेरी आली नाही. घोड्यावर पुन्हा बसली नाही. भाऊंनी दुसरी घोडी घेतली नाही, आता दोन बकऱ्या आहेत. वरातीची कामं मंगल कार्यालयवाले नेतात.

आणि भाऊ काय करतात ठाऊक आहे? माझ्या दुकानात उभे राहून गोष्ट सांगतात. कोणी तरुण पोरगा बैलासाठी ढेप घ्यायला आला की त्याला थांबवतात. “तुह्या बैलाले राबवून आणलं त घडीभर उभं ठेवजो, मंगच पाणी दाखवजो. म्या पाजलं बाप्पा लगेच. आपल्या हातानं मारली म्या माही मैना.” पोरगं माझ्याकडे बघतं, खरं का म्हणून. मी मान हलवते. किती वेळा हलवली असेल? मोजलं नाही. काट्यावर ढेप ठेवता ठेवता मान हलवायला कष्ट पडत नाहीत.

आता दिवाळीनंतरची गोष्ट. भाऊ आले आणि गिऱ्हाईक निघून जाईपर्यंत कोपऱ्यात उभे राहिले. मग म्हणाले, “ताई, वैशाली माह्याशी नाई बोलत. नातू तीन वर्षांचा झाला, म्या नाई पाह्यला. तुमचं ऐकते ते. एक डाव फोन करून पाहा ना जी.”

बोलायची वेळ होती ती. याहून सोपी वेळ आली नसती. दुकानात आम्ही दोघंच होतो.

मी फोन लावला. वैशालीनं उचलला, “काकू” म्हणाली, आवाजात खरा आनंद होता. मी तिला समजावलं. म्हटलं, बाळा, माणसाच्या हातून चूक होते. वडील म्हातारे झाले. किती दिवस मनात ठेवशील? त्यांना माफ कर. अगदी असंच म्हटलं. आवाजही मऊ ठेवला होता. भाऊ समोर उभे, डोळे पुसत होते.

ती म्हणाली, “तुम्ही म्हणता तर येते, काकू.”

ती आली. चार दिवस राहिली. मी भेटायला गेले नाही. सासूबाईंचा गुडघा पुढे केला.

ती गेल्यावर भाऊ पिशवीभर संत्री घेऊन दुकानात आले. तिच्या सासरच्या बागेतली होती, तिनंच माझ्यासाठी पाठवलेली. “माफ केलं म्हणे तिनं मले,” ते म्हणाले. पोरासारखे हसत होते. मी म्हटलं, बरं झालं, भाऊ. त्यांना बकऱ्यांसाठी दोन किलो कोंडा हवा होता, तो काढून दिला. संत्री घरी नेली. गोड होती. आम्ही सगळ्यांनी खाल्ली.