ईरप्पाचं कपाट

ईरप्पा तिला पेटी म्हणायचा. आम्ही बाकीचे सगळे कपाट म्हणायचो, आणि आमचंच बरोबर होतं. छातीएवढी उंच, तितकीच रुंद. दोघांनी उचलायची म्हटलं तर तिसऱ्याने मागे उभं राहून देवाचं नाव घ्यावं लागायचं. आत पंधरा इंची चार स्पीकर होते, बंद पडलेल्या एका तंबू टॉकीजमधून आणलेले. बाहेरच्या फळ्या गिरणीत मशीन ज्या खोक्यातून आलं त्या खोक्याच्या. एका फळीवर 'ही बाजू वर' असं सांगणारा बाण छापलेला होता. ठोकताना ईरप्पाने तो बरोबर खाली केला होता.

एवढं सगळं कशासाठी, तर त्याच्या बास गिटारचा आवाज लोकांना ऐकू जावा म्हणून. या गिटारला चारच तारा असतात आणि तिचा आवाज खालचा, घुमणारा असतो. गाण्यात ती असली तर कुणाच्या लक्षात येत नाही, नसली तर गाणं लंगडं वाटतं. गावोगावी लोक ईरप्पाला विचारायचे, "दोन तारा तुटल्यात का?" तो म्हणायचा, "व्हय, बसवायच्यात." पाच वर्षं त्याचं हेच उत्तर होतं.

आमचा चंद्रिका ऑर्केस्ट्रा म्हणजे दिवसभर पोटाची कामं करून संध्याकाळी संगीताला छळणारी सात माणसं. मी, धोंडीराम मास्तर, म्युनिसिपालटीच्या शाळेत भूगोल शिकवायचो आणि ऑर्केस्ट्रात अकॉर्डियन वाजवायचो. दोन्हीकडे माझी गती सारखीच होती. मालक बसवराजशेट. त्यांचं साड्यांचं दुकान होतं. त्यांना एकही वाद्य येत नव्हतं, म्हणून ते कंडक्टर झाले होते. पांढरा कोट घालून, हातात वेताची छडी घेऊन ते स्टेजच्या मधोमध उभे राहायचे, पण तोंड आमच्याकडे नाही, पब्लिककडे. "गिऱ्हाइकाकडं पाठ करायची नसती, मास्तर," हे त्यांचं दुकानातलं तत्त्व. त्यामुळे आम्हाला सगळा कार्यक्रम त्यांच्या कोटाची इस्त्री बघत वाजवावा लागायचा.

ईरप्पा गिरणीत जॉबर होता, साळखात्यात. साळखातं म्हणजे जिथे माग चालतात ते खातं. बिघडलेला माग दुरुस्त करणं हे त्याचं काम. तिथे दोनशे माग एकदम धडाडत असतात, त्यामुळे तिथली माणसं बोलतात तोंडाने पण ऐकतात डोळ्यांनी. समोरच्याचे ओठ बघतात, हाताच्या खुणा बघतात. ईरप्पा तर यात एवढा तरबेज होता, की पहिल्या रांगेत बसलेल्या बायका आमच्या गायिकेच्या साडीबद्दल काय कुजबुजल्या ते तो स्टेजवरून वाचून आम्हाला सांगायचा. आम्ही पोट धरून हसायचो.

आता पेटीच्या मापाविषयी. त्याची पहिली पेटी रेडिओपेक्षा थोडी मोठी होती आणि खरं सांगायचं तर चांगली होती. तालमीत सगळ्यांना छान ऐकू यायची. ईरप्पाला मात्र ती पसंत पडेना. गेटवरच्या रखवालदाराला काहीतरी थाप मारून त्याने ती गिरणीत नेली आणि चालू मागांमध्ये ठेवून वाजवून पाहिली. अर्थातच काही ऐकू आलं नाही. गिरणीतल्या माणसाचा एक ठाम समज असतो: जे साळखात्यात टिकतं ते जगात कुठेही टिकतं, मग ती चप्पल असो नाही तर जावई. ईरप्पाने दुसरी पेटी केली, तीही तिथे नेली. मग तिसरी. चौथी पेटी मागांच्या धडधडाटावर घुमली, त्या दिवशी तो अंगावरच्या कापसाच्या तंतूंसकट माझ्या शाळेत आला.

"मास्तर, घुमली! आता कुटं बी चालंल."

"अरे, पण लग्नात दोनशे माग कुठे असतात?"

"दोनशे पावनं असत्यात की."

मी नकाशाची गुंडाळी करून वर्गात गेलो.

चौऱ्याहत्तर साली मार्गशीर्षात मंगळवेढ्याला एका ज्वारीच्या व्यापाऱ्याकडच्या लग्नात आमचा कार्यक्रम होता. कपाट एसटीच्या टपावर चढवताना तिच्या कंडक्टरने विचारलं, "रुखवताचं हाय काय?" मी हो म्हणून टाकलं. खरं सांगत बसलो असतो तर एसटी चुकली असती.

मांडवात आहेराच्या भांड्यांची उतरंड रचून ठेवलेली होती आणि आमचं कपाट नेमकं तिच्याशेजारी आलं. दुसऱ्याच गाण्यात ईरप्पाने जाड तार छेडली आणि सगळी भांडी खणखणायला लागली. मग वरचा हंडा हलला. कोयनेच्या भूकंपाला तेव्हा सात वर्षं झाली होती, पण म्हाताऱ्या माणसांच्या मनातून तो गेला नव्हता. नवरदेवाची आजी ओरडली, "धरणी हालली गं बाई!" एवढं पुरलं. अख्खा मांडव उठून शेतात पळाला. भटजी सगळ्यांच्या पुढे होते. मांडवात फक्त नवरा-नवरी राहिली, कारण त्यांच्या उपरण्याची आणि शालूची गाठ खुर्चीत अडकली होती. आणि ईरप्पा. तो डोळे मिटून वाजवतच होता.

परत आल्यावर बसवराजशेटनी आम्हा दोघांना दुकानात बोलावलं. साड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये बसून ते म्हणाले, "ईरप्पा, गड्डा महिन्यावर आला. होम मैदानावर तुझं हे कपाट चालणार नाही. लहान पेटी आण, नाही तर रेल्वेतला एक क्लार्क बास वाजवतो, त्याला मी विचारून ठेवलंय."

ईरप्पा त्यांच्या तोंडाकडे बघत होता. म्हणाला, "शेट, लहान पेटीवर मला जमायचं न्हाय." आणि उठून गेला.

मला राग आला. आमच्या सोलापुरात गड्डा म्हणजे होम मैदानावर भरणारी सिद्धेश्वराची यात्रा, आणि गड्ड्यावरचा कार्यक्रम म्हणजे ईरप्पाचं वर्ष. अख्खं साळखातं त्याला बघायला यायचं. वर्षभर मागात हात घालणारा हा माणूस त्या एका संध्याकाळी पांढरे बूट घालायचा. ते सगळं एका लाकडी खोक्याच्या हट्टापायी सोडणार? एवढा कसला माज, असं मनात म्हणत रविवारी सकाळी मी त्याच्या घरी गेलो. समजूत घालण्यापेक्षा चार शब्द सुनवायचे हाच विचार होता.

ईरप्पा मागच्या दारी पायरीवर बसला होता, माझ्याकडे पाठ करून. मी हाक मारली. ओ नाही. दुसरी मारली. ओ नाही. तिसऱ्या हाकेला शेजारचं कुत्रं उठलं, पण ईरप्पा हलला नाही. मला वाटलं, राग धरलाय.

"मागनं हाका मारून उपेग न्हाय, मास्तर," चुलीपाशी भाकरी थापत असलेली त्याची बायको पार्वतम्मा म्हणाली. "फुडं जावा. तोंड दिसलं की त्यास्नी समदं कळतंय."

"म्हणजे?"

"म्हंजे काय? तीन वर्सं झाली. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की मी हात लावून सांगते, तवा उटत्यात."

गिरणीचा भोंगा. ज्यावर अख्खं सोलापूर घड्याळं लावायचं, तो.

"आणि तुम्ही कुणाला बोलला नाहीत?"

"शपत घातलीया मला. भैऱ्या माणसाला बाज्यात कोण ठेवंल?"

मी दारातच उभा राहिलो. ओठ वाचण्याची गंमत, मांडव रिकामा झाला तरी डोळे मिटून वाजवणं, सगळं एकाला एक जुळत गेलं. ते चार स्पीकर लोकांसाठी नव्हतेच. स्वतःचं वाजवणं स्वतःला कळावं म्हणून त्याने एवढं मोठं कपाट केलं होतं, आणि त्याला हसणाऱ्यांत मी सगळ्यांच्या पुढे होतो. मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

पुढे गेलो तर ईरप्पा गिटारच्या लाकडावर हनुवटी दाबून एकेक तार छेडत होता. मला बघून त्याने मान वर केली. हनुवटीवर लाल वळ उठला होता. माझा चेहरा बघूनच तो काय ते समजला.

"हिनं सांगितलं?"

"हो... ई... र... प्पा," मी तोंड मोठं करून सावकाश म्हणालो.

"असं बोलू नगा हो. भैऱ्याशी बोलल्यावानी. नेमीसारखं बोला, मला वाचता येतंय."

मी नेहमीसारखा, म्हणजे भांडायला बसलो. "मग गिरणीत माग कसे दुरुस्त करतोस? तिथे कुठलं कपाट आहे?"

"तितं कान कशाला लागतोय? मागाच्या सांगाड्यावर तळवा ठिवला की धोटा कुटं आडतोय ते कळतंय."

"मग पेटीवर ठेव की तळवा."

"आन् गिटार तुमी वाजवणार काय?"

पार्वतम्माने तव्यावरची भाकरी उलटली आणि आमच्याकडे न बघता म्हणाली, "हात मोकळा न्हाय तर बूड हाय की. बसा पेटीवर." मग नवऱ्याने वाचलं नसणार हे ध्यानात येऊन ती वळली आणि पुन्हा एकदा, तोंड दाखवून म्हणाली.

ईरप्पाने उठून फूटपट्टी काढली.

ऑर्केस्ट्रातली पेटी केवढी असावी यावर जाणकार पुष्कळ बोलतात. हॉल केवढा, माणसं किती, आवाज किती लांब जायला हवा. आमचं माप वेगळं निघालं. उंची अठरा इंच, कारण त्याहून उंच झाली की ईरप्पाचे पाय लोंबकळायचे. रुंदी त्याच्या बैठकीएवढी. स्पीकर एकच, तोंड पब्लिककडे. फळ्या त्याने कापल्या, मी फळीचं दुसरं टोक धरलं आणि दोनदा शिव्या खाल्ल्या. चार दिवसांनी पेटी तयार झाली. ईरप्पा तिच्यावर बसला, जाड तार छेडली आणि डोळे मिटले.

"कळलं का?" मी विचारलं. डोळे मिटलेल्या माणसाला. किती वेळ तरी तो तसाच वाजवत राहिला आणि मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मास्तर, पार मणक्यापतोर आलं."

मोठ्या पेटीतले स्पीकर काढून पार्वतम्माने तिच्यात अंथरुणं रचली. कपाट शेवटी कपाटच झालं.

तालमीला बसवराजशेट खूश झाले. आवाज अगदी मापात होता. "बघा, राजे सिंहासनावर बसले," असं म्हणत ते ईरप्पाच्या मागे आले. "ईरप्पा, अरे खोक्यावर कशाला बसतोस? खुर्ची देतो, ऊठ." ईरप्पा उजव्या हाताने मोकळी तार छेडून बघत होता. शेट पुन्हा म्हणाले, "ईरप्पा, ऊठ की." मी लांबून ईरप्पाला खुणा करत होतो, पण त्याचं लक्ष तारेवर होतं आणि डावा तळवा पेटीच्या फळीवर. शेटनी त्या तळव्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग छडी काखेत घालून दुकानात निघून गेले.

संपलं, असं मी धरून चाललो. ईरप्पाला मी काही बोललो नाही. गड्ड्याच्या दिवशी तो पांढरे बूट घालून आला आणि मी रेल्वेतला तो क्लार्क कुठून येतोय हे बघत बसलो. कुणी आलं नाही. मैदान भरलं होतं, साळखात्यातली माणसं पुढे येऊन बसली होती. पडदा उघडला. बसवराजशेट पांढऱ्या कोटात मधोमध येऊन उभे राहिले, पब्लिकला नमस्कार केला.

आणि वळले. आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाकडे पाठ करून ते ईरप्पाच्या बरोबर समोर उभे राहिले आणि आवाज न काढता, ओठांनी मोजलं: एक, दोन, तीन, चार.

त्या संध्याकाळी ईरप्पाने जसं वाजवलं तसं मी पुन्हा ऐकलं नाही. कार्यक्रम संपल्यावर शेट कोटाची घडी घालत होते, तेव्हा मी जवळ जाऊन विचारलं, "शेट, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे?" ते म्हणाले. "आमचे आप्पा तीस वर्षं साळखात्यात होते, मास्तर. संध्याकाळच्या बातम्या ते रेडिओवर तळवा ठेवून ऐकायचे. आम्ही पोरं हसायचो."