माझ्या वडिलांच्या मरणावर हशा

माझ्या वडिलांच्या मरणावर सभागृह हसलं.

नाशिकच्या त्या मेळाव्यात मी पहिल्यांदाच कथा वाचत होते. अहिराणीत. आई बोलते तशी. सटाण्याहून आईचा फोन येतो, त्या ओळीपाशी आले. ‘तुना बाप उठी नही ऱ्हायना वं.’ मागे कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळेच. त्यांना अहिराणी माहीत ती मोबाइलवरच्या विनोदी व्हिडिओंतून. ऐकली की हसायचं.

मीही हसले. हे लिहायला जड जातंय.

अध्यक्ष म्हणाले, “धमाल! बेटा, विनोद छान जमतो तुला.”

चहाच्या वेळी संपादक बाई भेटल्या. नव्या लेखकांचा कथासंग्रह काढणार होत्या.

“कथा घेते गं तुझी. फक्त निवेदन प्रमाण मराठीत कर. अहिराणी त्या फोनवरच्या कामवालीच्या तोंडी राहू दे.”

“कामवाली नाही. आई आहे ती. माझी.”

“अय्या! मग तिचंही मराठीत कर. वाचकांना परकी वाटेल नाहीतर.”

मी मान हलवली. हो म्हणून. सवय जुनी. इंग्रजी शाळेत आई न्यायला आली की मी धावत फाटकाशी जायचे. तिनं कुणाशी बोलू नये म्हणून.

खोलीवर एका यिडिश लेखिकेचं चरित्र अर्धं वाचून पडलं होतं. यिडिश म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची घरची भाषा. तिलाही लोक सांगायचे, ही चुलीपुढची बोली, गंभीर लिहायचं तर दुसरी भाषा घे. तिनं घेतली नाही. पुढे युद्धात तिचे वाचकच मारले गेले. गावंच्या गावं. ती परदेशात दिवसभर टोप्या शिवायची आणि लिहायची. त्याच भाषेत. कुणासाठी, हे तिला रोज विचारलं जायचं.

दमली असेल ती. मीही दमलेय. कुठे कुठली भाषा बोलायची, हे सांभाळून सांभाळून.

पण माझे वाचक जिवंत आहेत. सटाण्याच्या एसटीत बसलेत. माझी आई जिवंत आहे.

बाईंना फोन केला. “कथा परत घेते.”

“संधी घालवतेस हं.”

“हो.”

पुढच्या मेळाव्याला नाव दिलंय. कथा तीच. त्या ओळीला पुन्हा हसतील. मी थांबेन. हसून झालं की तीच ओळ पुन्हा वाचेन. पुन्हा हसले, तर पुन्हा. सगळे गप्प होईपर्यंत पुढची ओळ वाचणार नाही.