लॅबमधला निळा ड्रम

माणूस घाबरट असला तर निदान सरळ घाबरट असावा. किन्हवलीतले माझे घरमालक तेवढेही नव्हते.

मी लातूरकडची. आठवीतच शाळा सुटली. गावाकडच्या एका मॅडमनी मुरबाडला त्यांच्या लॅबमध्ये कामाला लावलं, ते उपकार फिटायचे नाहीत. तिथं समुद्राकाठची एक जड वाळू येते. ती कॉस्टिक सोड्यात शिजवायची, धुवायची, आम्लात विरघळवायची. मग त्यातून थोरियम या किरणोत्सारी धातूचा पांढरा साका खाली बसतो. तो संशोधनाला जातो. साका गाळणं, भांडी घासणं माझ्याकडे. हातात मोजे आणि छातीवर किरणं मोजणारा बिल्ला.

हे काम ऐकून खोली कुणी देईना. या घरमालक काकांनी दिली, पण काय तो थाट! माझ्या चपला कुंपणाबाहेर. माझे कपडे वेगळ्या दोरीवर. काकू माझ्या हातचा चहासुद्धा घेत नसत.

वैशाखात गाव टँकरवर आलं आणि काकांचं शास्त्र पालटलं.

"काय गो, तुमच्या लॅबात निळे ड्रम असतात ना? रिकामा एखादा आण की. पाणी भरायला व्हईल."

"काका, त्या वाळूचं धुवण त्यात असतं. रिकामे झाले तरी कुलपातच ठेवतात."

"धुवून घेऊ की!"

"माझे कपडेही धुतलेलेच असतात. तरी दोरी वेगळी."

"कपड्यात शिरतं गो ते. प्लास्टिकला काय व्हतंय? आमाला काय कळत नाय?"

नाय कळत, असं अगदी ओठांवर आलं होतं. ज्या बाईची सावली नको, तिच्याकडून नातवंडांच्या पाण्यासाठी हा माणूस त्या धुवणाचंच भांडं मागत होता! मला रागही येईना, नुसती किळस आली. पण हात जोडले. खोली गेली तर राहायचं कुठं? मग नोकरी सोडून लातूरची गाडी धरायची.

"ड्रम नाय तर खोली नाय," काका म्हणाले. "शनवारपर्यंत बघ."

शनिवार उजाडला. पण ड्रम आणला नाही. शेवटी मॅडमना सांगितलं, तर म्हणाल्या, "दुसरी खोली मिळेपर्यंत माझ्याकडे ये. स्वयंपाकघरात जागा आहे."

पेटी मी एकटीनं ओढत फाट्यावर नेली. काका मागोमाग आले, चांगले चार हात अंतर ठेवून. पेटीला बोट लावलं नाही. मी एसटीत चढले, तेव्हा खिडकीखाली येऊन हळूच म्हणाले,

"राग धरू नको गो. आन् जमलं तर दोन बघ. एक मेव्हण्याला पायजे."